साठ ठोक्यांचा आराम

संमतीपत्र एकोणीस पानांचं होतं, आणि ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचणारा त्या रुग्णालयातला पहिला नातेवाईक म्हणजे इंद्रभानभाऊ. ओळीखाली पट्टी धरायची, ओळ संपली की पट्टी एक घर खाली. खामगावच्या पॉलिटेक्निकातून यंत्र शाखेची पदविका घेतलेल्या आणि पुढे एकतीस वर्षं एका जिनिंग मिलमध्ये यंत्रांची देखभाल केलेल्या माणसाचं वाचन दुसरं कसं असणार? शेजारी खाटेवर त्यांची पत्नी अंबूबाई पडलेल्या. तीन दिवसांपूर्वी धाड गावच्या बाजारात मिरचीवाल्याच्या तराजूवरच त्या कोसळल्या होत्या. नाडी मिनिटाला चौतीस. डॉक्टरांनी तात्पुरती तार घालून हृदय चालतं ठेवलं होतं.

"वाचनं झालं का तुमचं?" अंबूबाईंनी क्षीण आवाजात विचारलं होतं. "का मी गेल्यावर सई करता?"

"सई तुलेच करायची हाये. मी फक्त पाहून राह्यलो."

पाहण्यासारखं होतंही. हा पेसमेकर नवा होता. नेहमीचा पेसमेकर खांद्याखाली कातडीत बसवतात आणि त्याच्या तारा हृदयापर्यंत नेतात. याला तारच नव्हती. औषधाच्या कॅप्सूलएवढं यंत्र, मांडीच्या शिरेतून नेऊन थेट हृदयाच्या आत बसवायचं. माणूस हालचाल करू लागला की ते ओळखून ठोके वाढवायचे, माणूस थांबला की पुन्हा मिनिटाला साठावर आणायचे, ही त्याची करामत. माणसांवरची ही पहिलीच चाचणी होती आणि तिच्यात एकंदर चौदा रुग्ण घ्यायचे होते. त्यांचा अनुभव चांगला आला तर पुढच्या टप्प्यात तीनशे जणांना हेच यंत्र बसणार होतं. यंत्र, शस्त्रक्रिया, तपासण्या सगळं विनामूल्य. मात्र दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बुलढाण्याच्या केंद्रात तपासणीला यायचं आणि घरी रोजनिशी लिहायची.

रोजनिशी हा शब्द वाचला आणि इंद्रभानभाऊंचा जीव भांड्यात पडला. नोंदी ठेवणं हा त्यांचा हातखंडा होता.

यंत्र बसलं, अंबूबाई उठल्या, चालू लागल्या, महिनाभरात चुलीपुढेही बसू लागल्या. धाडपासून सहा किलोमीटर आत असलेल्या त्यांच्या गावात बाया मुद्दाम त्यांना पाहायला येत आणि छातीला कान लावून आवाज येतो का ते ऐकत. इंद्रभानभाऊ रोज संध्याकाळी रोजनिशी उघडत. चक्कर, धाप, छातीत दुखणे असे तीन रकाने. प्रत्येकापुढे होय किंवा नाही. शेवटी शेऱ्यासाठी दोन ओळी.

"आज कसं होतं?"

"बरं हाये."

"चक्कर?"

"गरगरलं थोडंसं. पन तेवढं चालतेच."

"पडली काय?"

"पडली असती तं तुमाले दिसली नसती काय?"

मग इंद्रभानभाऊ लिहीत: चक्कर, नाही. धाप, नाही. शेरा, प्रकृती ठीक. त्यांच्या मते व्याख्येशिवाय नोंद होत नसते. चक्कर म्हणजे नेमकं काय ते रोजनिशीत दिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपली व्याख्या ठरवली होती: माणूस पडला तर चक्कर, उभा राहिला तर नाही. व्याख्या सुटसुटीत होती आणि अक्षर तर असं, की केंद्रातल्या परिचारिकेनं ती रोजनिशी इतरांना नमुना म्हणून दाखवली होती.

त्या नमुन्यामुळे काम वाढलं. बुलढाण्याच्या केंद्राबाहेरच्या बाकावर आणखी तीन रुग्ण आपापल्या रोजनिश्या त्यांच्या मांडीवर आणून ठेवू लागले. त्यातले रोहिणखेडचे शेषराव तर ठरलेलेच. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. महिनाभराचा हिशोब त्यांना एका बैठकीत तोंडी सांगायचा असे.

भाद्रपदातल्या त्या मंगळवारीही तसंच झालं. सहावी तपासणी, म्हणजे पहिल्या टप्प्याची शेवटची. यानंतर अहवाल जाणार होता.

"लिवा भाऊ," शेषराव म्हणाले. "तसं बरंच हाये. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दांडा माराले लागलो का जीव कासावीस होते. पन ते पंपाचं वजन हाये, मशीनचं काय त्यात?"

"पडले का?"

"कायले पडू? वावराच्या कडेले धुऱ्यावर बसतो घडीभर."

"निजल्यावर धाप लागते?"

"निजल्यावर मले फक्त घोरनं लागते. बायकोले इचारा."

बाकावरचे सगळे हसले. इंद्रभानभाऊही हसले आणि त्यांनी लिहिलं: चक्कर, नाही. धाप, नाही. प्रकृती ठीक.

शेजारी अंबूबाई बसल्या होत्या. डोक्याला तेल, अंगावर लेकीनं दिवाळीला घेतलेलं जांभळं लुगडं. तपासणीच्या आधी दोन दिवस त्या शेतात जात नसत. डॉक्टरांपुढे थकलेल्या तोंडानं उभं राहणं त्यांना पाहुण्यांपुढे उष्टी ताटं ठेवण्यासारखं वाटे. बाकावरचे सगळेच तसे होते: धुतलेले, विसावलेले, जणू लग्नाला निघालेले.

आत डॉक्टर अर्पिता होत्या. अभ्यासाचं केंद्र त्याच सांभाळत. वय तिशीच्या आसपास. रुग्णाचा हात हातात घेऊन बोलण्याची सवय. सहा मिनिटं व्हरांड्यात चालण्याची चाचणी झाली. अंबूबाई पदर खोचून अशा चालल्या की परिचारिका मागे पडली. ठोके साठावरून अठ्ठ्याण्णववर गेले आणि बसल्यावर परत साठावर आले. यंत्र अगदी चोख होतं.

मग कंपनीच्या सागर नावाच्या अभियंत्यानं अंबूबाईंच्या छातीवर वाचक यंत्र धरलं आणि महिन्याभराचा आलेख पडद्यावर आणला. इंद्रभानभाऊंनी चष्मा नीट केला.

"हे बघा काकू," डॉक्टर अर्पिता कौतुकानं म्हणाल्या, "रोज सकाळी नऊ ते एक एकदम सरळ रेघ. साठ ठोके. छान आराम करता तुम्ही सकाळचा. असाच ठेवा."

"हाव," अंबूबाई मान डोलावून म्हणाल्या.

"आणि ही गंमत," सागर म्हणाला. "बरोबर तपासणीच्या मंगळवारी, सकाळी सात ते आठ, ठोके एकशे दहा. आमच्याकडे यायच्या दिवशी व्यायाम करून येता का काय?"

"हाव," अंबूबाई पुन्हा म्हणाल्या.

इंद्रभानभाऊंच्या हातातली पेन्सिल थांबली. नऊ ते एक? आषाढापासून नऊ ते एक अंबूबाई मिरचीच्या वावरात उकिडव्या बसून खुरप्यानं तण निंदत होत्या. आणि तपासणीच्या दिवशी सात ते आठ त्या कुठला व्यायाम करतात? त्या वेळात त्या जीपमध्ये मागच्या फळीवर बसून खड्ड्यांतून धाडमार्गे बुलढाण्याला येत असतात.

त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात अंबूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या नजरेचा अर्थ त्यांना विचारावा लागला नव्हता. त्यांनी तोंड मिटलं.

परतीच्या जीपमध्ये माणसं कोंबलेली होती. गावात उतरून मारुतीच्या पारापाशी आल्यावर इंद्रभानभाऊ थांबले.

"काऊन वं? हाव काऊन म्हटलं? आराम करत असते तू सकाळी?"

"मंग काय म्हनू? त्या पोरीनं एवढं कौतुकानं सांगतलं. तिच्या तोंडावर नाई म्हनू?"

"निंदताना काय होते तुले? खरं सांग."

अंबूबाई पाराच्या कडेला बसल्या. "एक तास निंदून होत नाई तं डोळ्यापुढं अंधार्‍या येतात. तोल जाते, म्हनून हात टेकवा लागते. मंग धुऱ्यावर बसा लागते. एका वळीले पाच येळा. संगं निंदनारी गोजरबाई पुढं निंगून जाते अन् म्हनते, काऊन अंबू, मशीन बंद पडली का काय?" त्या हसल्या, पण हसू पुरतं आलं नाही. "तुमाले तं मी रोज सांगतलं. गरगरलं म्हनून."

ते शब्द इंद्रभानभाऊंना गोफणीच्या दगडासारखे लागले. तिनं सांगितलं होतं. रोज सांगितलं होतं.

"तरी डॉक्टरले सांगा लागत होतं," ते कसेबसे म्हणाले.

"अन् त्यायनं मशीन काढून घेतलं तं? फुकट देल्लं, चालत नाई म्हटलं, आना परत. त्या बाजारातला तराजू आठोते का तुमाले? मले आठोते. मले पुना तसं पडाचं नाई. तुमी एक शबद बोलले तं माही शप्पत हाये."

घरी आल्यावर इंद्रभानभाऊंनी रोजनिशीची आपल्याजवळची दुसरी प्रत काढली. एकशे चौऱ्याऐंशी दिवस. पानं उलटत गेले तशी एकच ओळ, एकाच वळणाची, जणू ठसा मारलेली: प्रकृती ठीक. प्रकृती ठीक. प्रकृती ठीक.

असं पान त्यांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं. मिलमध्ये मुख्य दांड्याच्या बेअरिंगचं तापमान दर तासाला लिहायचं काम जानराव नावाच्या कामगाराकडे होतं. एका आठवड्याची सगळी पानं बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस. आठव्या दिवशी बेअरिंग जळून जाम झालं, दांडा वाकला आणि सुदैव म्हणून कुणाचा हात गेला नाही. जानराव खुर्चीतून उठतच नव्हता. सगळ्या खात्यासमोर इंद्रभानभाऊ त्याला म्हणाले होते, "जानराव, नोंद म्हणजे यंत्राची जबान असते. तू त्याची जबान कापलीस." जानराव त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलला नव्हता.

आज त्यांना वाटलं, जानराव निदान आळशी तरी होता. आपण रोज न चुकता, नीटनेटकेपणानं, पट्टी लावून जबान कापली. आणि एकट्या अंबूची नाही.

दुसऱ्या दिवशी ते मनगटी घड्याळ आणि एक कोरी वही घेऊन वावरात गेले. अंबूबाई निंदत होत्या. शेजारच्या ओळीत गोजरबाई.

"आज सायेब शेतात?" गोजरबाईनं खुरपं थांबवून विचारलं. "काय मोजाले आले? मिरच्या?"

"नाडी."

"माही मोजा, माही. माह्या मालकानं कधी हात धरून पाह्यला नाई."

अंबूबाईंनी हात द्यायला आधी नकार दिला, मग गोजरबाईनं फारच आग्रह धरल्यावर दिला. निंदता निंदता ठोके साठ. पंधरा मिनिटांनी साठ. अंधारी आली, त्या हात टेकून थांबल्या, तेव्हाही साठ. सोबत गोजरबाईची नाडी पाहिली. ती होती एकशे चार. इंद्रभानभाऊंनी उलगडा वहीत लिहून काढला. चालणाऱ्याचं धड हलतं, म्हणून यंत्राला ते कळतं. निंदणारी बाई उकिडवी बसून वीतवीत सरकते. हलतात फक्त मनगटं. कष्ट पुरते, हालचाल नाही. यंत्राला वाटतं बाई बसली आहे. उलट जीप खड्ड्यात आदळली की धड हलतं आणि यंत्राला वाटतं बाई पळते आहे. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला शिकवलंच तेवढं होतं. ज्यांनी शिकवलं त्यांना निंदण कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्याचं काम ज्याच्या हाती होतं, त्यानं लिहिलं: प्रकृती ठीक.

संध्याकाळी त्यांनी संमतीपत्राची प्रत काढली, अकराव्या पानावर पट्टी ठेवली आणि अंबूबाईंना वाचून दाखवलं: रुग्णानं तक्रार केली किंवा अभ्यासातून बाहेर पडायचं ठरवलं, तरी उपचार बंद केले जाणार नाहीत, रुग्णाच्या हिताची गरज नसेल तर यंत्र काढलं जाणार नाही.

"कागद हाये तो," अंबूबाई म्हणाल्या. "कागदावर तं मी पन ठीक हाये. तुमच्याच हातचं."

इंद्रभानभाऊंनी पट्टी कागदावरून उचलली. मग म्हणाले, "अंबू, हा अहवाल गेला का पुढं तीनशे जनाले हेच मशीन बसते. असंच. त्यात बायाही असतीन."

"निंदनाऱ्या?"

"निंदनाऱ्या, कापूस येचनाऱ्या. त्यायले अंधारी येईन, अन् डॉक्टर म्हनीन, छान आराम करता तुमी. एखादीच्या पुढं धुरा नसीन, विहीर असीन."

अंबूबाईंनी परातीतलं पीठ मळायचं थांबवलं नाही. भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली. ती फुगली तशी खाली उतरवली.

"शप्पत सुटली," त्या शेवटी म्हणाल्या. "पन त्या पोरीले रागानं सांगू नोका. तिले वाटीन आपल्यामुळं झालं. अन् माह्या नावानं रडू बी नोका तिथं."

"मी कायले रडू?"

"मागच्या खेपी रडले होते. ऑपरेशनच्या दिवशी. नर्सबाईनं सांगतलं मले."

दुसऱ्या दिवशी इंद्रभानभाऊ पहिल्या एस.टी.नं बुलढाण्याला गेले. वार मंगळवार नव्हता, बाक रिकामा होता. डॉक्टर अर्पिता अहवालाच्याच कागदांत बुडालेल्या होत्या.

"काका, तुम्ही? काकू बऱ्या आहेत ना?"

इंद्रभानभाऊंनी बसायला नकार दिला. कबुली उभ्यानं द्यायची असते असं त्यांचं मत होतं. "डॉक्टरसाहेब, एक चूक झाली आहे. यंत्राची थोडी, माझी फार." मग त्यांनी क्रमानं सांगितलं: चक्कर या शब्दाची आपली व्याख्या, बाकावर भरलेल्या इतरांच्या तीन रोजनिश्या, सकाळचा आराम म्हणजे निंदण, मंगळवारचा व्यायाम म्हणजे जीप. नाडीच्या नोंदींची वही टेबलावर ठेवली. आवाज शेवटपर्यंत सरळ राहिला. चष्म्याची काच मात्र दोनदा पुसावी लागली.

डॉक्टर अर्पिता वही पाहत राहिल्या. "छान आराम करता," त्या हळूच म्हणाल्या. "असं म्हणाले मी. त्यांच्या तोंडावर."

"तुम्हाला कळणार कसं? मी कळू दिलं नाही."

"मी विचारायला हवं होतं, काका. नऊ ते एक काय करता, एवढंच. आम्ही 'काही त्रास?' असं विचारतो, आणि आमच्या पेशंटला ते 'तक्रार आहे का?' असं ऐकू येतं. ज्यानं जीव वाचवला त्याची तक्रार कोण करणार?" मग त्या एकदम ताठ बसल्या. "अहवाल आजच थांबवते. नैतिकता समितीला कळवावं लागेल, कंपनीलाही. तुमचंही नाव त्यात येईल."

"यायलाच पाहिजे." त्यांनी रोजनिशीकडे बोट दाखवलं. "ही पानं मी बदलून देऊ? नवी लिहून?"

"नाही, नाही. खोडायचंही नाही. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, खालचं वाचता यायला हवं. शेजारी आजची तारीख, सही आणि कारण. जे पक्कं आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' लिहायचं."

असा नियम अस्तित्वात आहे हे ऐकून इंद्रभानभाऊंना त्या दिवसातलं पहिलं समाधान मिळालं. दुपारपर्यंत ते त्याच बाकावर बसून रेघा मारत होते.

डॉक्टर अर्पितांनी त्या आठवड्यात चौदाही रुग्णांना स्वतः फोन केला. प्रश्न एकच ठेवला: यंत्र बसल्यापासून कोणतं काम सोडावं लागलं किंवा अर्ध्यावर थांबवावं लागलं? शेषरावांनी फवारणीचा पंप सांगितला. दुसऱ्या एकानं सायकल सांगितली, एका बाईनं जातं. चौदापैकी आठ जणांचं काही ना काही सुटलेलं निघालं. त्यांतल्या सहा जणांच्या रोजनिशीत त्याचा मागमूस नव्हता, आणि त्या सहांपैकी चार रोजनिश्यांचं अक्षर एकच होतं.

पुढच्या सोमवारी डॉक्टर अर्पिता आणि सागर यंत्रसामग्री घेऊन थेट वावरात आले. सागरला अजून खात्री नव्हती. "काका, चालण्याच्या चाचणीत यंत्र शंभर टक्के उतरलंय," तो चिखलात बूट सांभाळत म्हणाला.

"माझ्या मिलमधली मोटरही रिकामी फिरवली की शंभर टक्केच उतरायची," इंद्रभानभाऊ म्हणाले. "पट्टा चढवून, भार देऊन पाहा."

अंबूबाई मात्र जांभळं लुगडं नेसून आल्या होत्या, केसांना तेल लावून. छातीला चिकटपट्ट्या लावून तारा जोडल्या, आणि त्या ओळीत बसून असं निंदू लागल्या की जणू फोटो निघतो आहे. एक गवताची काडी, मग थांबणं, मग पाहुण्यांकडे हसून पाहणं.

"हे काय करून राह्यली?" इंद्रभानभाऊ कळवळले. "रोजच्यासारखी निंद ना."

"पाव्हन्यापुढं धसमुसळं काम करू?"

"काकू," डॉक्टर अर्पिता त्यांच्याशेजारी मातीत उकिडव्या बसल्या, "मला दमलेल्या काकू बघायच्या आहेत. बऱ्या काकू सहा वेळा बघितल्या."

अंबूबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग लुगड्याचा काठ वर खोचला, खुरपं घट्ट धरलं, आणि त्यांच्या हाताला रोजची गती आली. गोजरबाई शेजारून चढाओढीनं निघाली. दहा मिनिटं. वीस मिनिटं. सागरच्या हातातल्या पडद्यावर साठ होते, ते साठच राहिले. पंचविसाव्या मिनिटाला अंबूबाईंच्या हातून खुरपं सुटलं, त्यांनी हात मातीत रोवला आणि मान खाली घातली. डॉक्टर अर्पितांनी त्यांना खांद्याला धरून सावरलं. सागर पडद्याकडे पाहत होता.

"साठ," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता वाद नव्हता. "आम्ही हे कुठेच तपासलं नव्हतं."

बाभळीच्या सावलीत खाट टाकून त्यानं यंत्राची मांडणी बदलली. दिवसाचे किमान ठोके साठावरून पंचाहत्तरवर नेले, बारीक हालचालीला प्रतिसाद थोडा वाढवला. जास्त वाढवला असता तर जीपमध्ये धडधड वाढली असती. हा पुरता इलाज नाही हे त्यानं स्वच्छ सांगितलं. कष्ट ओळखण्याची रीतच कंपनीला नव्यानं बसवावी लागेल, आणि ते जमेपर्यंत पुढचा टप्पा थांबेल. चार महिने, सहा महिने, कोण जाणे.

"मंग हे मशीन?" अंबूबाईंनी छातीवर हात ठेवून विचारलं. एवढ्या दिवसांचा प्रश्न अखेर त्यांच्या तोंडून बाहेर आला. "नेता का काढून?"

"काकू, ते तुमचं आहे," डॉक्टर अर्पिता म्हणाल्या. "नांदायला आलंय, पाहुणं नाही."

अंबूबाईंनी डोळे टिपले आणि लगेच फर्मावलं, "चाहा घेतल्याशिवाय कोनी उठाचं नाई. ठेचा-भाकर बी हाये. अन् हे बूट धुवून देते गोजरबाई."

"मी कायले?" गोजरबाई म्हणाली. "माही नाडी मोजली तवा कुठं चाहा देल्ला होता?"

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी अंबूबाई साध्या लुगड्यात वावरात गेल्या. इंद्रभानभाऊ धुऱ्यावर बसून राहिले, वही न उघडता, नुसते पाहत. अंबूबाईंनी पूर्ण ओळ काढली आणि गोजरबाईच्या मागे दोन हातांवर येऊन पोचल्या.

संध्याकाळी रोजनिशी उघडली. नव्या पानावर डॉक्टर अर्पितांनी होय-नाहीचे रकाने काढून टाकले होते. वर फक्त छापलं होतं: आज कोणतं काम केलं? कुठं थांबावं लागलं?

"सांग," इंद्रभानभाऊ म्हणाले. "जसं बोलशीन तसं लिहितो. शब्द बदलणार नाही."

अंबूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी विचार केला. "लिवा. मिरची निंदली. अंधारी आली नाई, पन कानात थोडंसं गुंगलं. दोन येळा बसली."

त्यांनी पट्टी न लावता लिहिलं, तिच्या बोलीत, तिच्याच शब्दांत. मग पेन्सिल थांबवून विचारलं, "दोनदा काऊन बसली?"

"एक येळ दमली म्हनून."

"अन् दुसऱ्यांदा?"

"तुमी एकटेच बसून होते धुऱ्यावर. म्हनून."

इंद्रभानभाऊंनी तेही लिहून घेतलं.